जुन्या बुलेटला मागचे शॉकअप निवडताना



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल खात्यावर पडले, की आपल्याकडे दुरुस्त्यांचे दिवस सुरू होतात. मोटारीचे वाइंडिंग, पाइपलाइनची गळती, ट्रॉलीचे पाटे ही सारी कामे याच दिवसांत निघतात. त्यातच गोठ्याच्या कडेला बारदान टाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकलीकडे लक्ष जाते. वडिलांनी किंवा चुलत्यांनी घेतलेली बुलेट, राजदूत, जावा नाहीतर येझदी आपल्या अनेक सभासदांच्या घरी अजून उभी आहे. पोरे म्हणतात, "भंगारात द्या." म्हातारी माणसे म्हणतात, "मी हाय तवर नको." मग एके दिवशी आपणच पाने घेऊन बसतो.

इंजिनाने आवाज दिला, की आपल्याला वाटते गाडी झाली. टायर बदलतो, रंग देतो, सीट शिवून घेतो. राहता राहिले मागचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्या बोलीतले शॉकअप. ते बाजारात जे मिळतील ते, जे चमकतील ते, दुकानदार "मजबूत" म्हणेल ते आणून लावतो. मीही तेच केले होते. त्याची किंमत कात्रजच्या घाटात भरता भरता राहिली. दुसऱ्या कोणा सभासदावर तशी वेळ येऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

घाटात काय घडले

आमच्या आबांनी १९७८ साली उसाच्या पैशातून ३५० सी. सी. ची बुलेट घेतली. त्या काळी पुण्याला जावयाचे म्हणजे शिरवळ, खेड शिवापूर करीत शिंदेवाडीला यावयाचे, तेथून घाट चढून बोगदा ओलांडावयाचा आणि कात्रजला उतरावयाचे. आई मागे, मी टाकीवर, अशा कितीतरी खेपा आमच्या झाल्या. आता आबांनी ऐंशी ओलांडली आहे. गाडी दुरुस्त होत आहे हे पाहून त्यांनी एकच मागणे मागितले. "एकदा बुलेटवरनं कात्रज उतरायचा हाय."

जुन्या शॉकअपांतून तेल गळत होते. मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने जाड स्प्रिंगांची, झगमगीत जोडी पुढ्यात ठेवली. "दोन क्विंटल टाका, हलायचं नाही," असे तो म्हणाला. हे ऐकून मी खूष झालो. जे हलत नाही ते शॉकअप कसले, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही. बोल्ट बसले, नट आवळले, काम झाले.

पुढच्याच आठवड्यात आबांना मागे घेऊन निघालो. नव्या बोगद्याच्या रस्त्याला जड वाहनांची धावपळ फार, म्हणून जुन्या घाटानेच गेलो. चढ बरा गेला. बोगदा ओलांडून भिलारेवाडीच्या बाजूने उतरू लागलो, तेव्हा एका वळणावर डांबर उखडलेले होते. मी ब्रेक दाबला. मागचे चाक दोनदा टणकन उसळले आणि हवेतच जाम झाले. खाली टेकले तेव्हा गाडीचे शेपूट कठड्याकडे सरकले होते. समोरच्या टेम्पोवाल्याने वेळीच गाडी थांबविली म्हणून आज हे लिहीत आहे.

आबा उतरले, कठड्यावर बसले, धोतर झटकले. पाच मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी तीच हाय. पर ही चाल तिची न्हाय."

तेथून अगदी हळू कात्रजपर्यंत आलो आणि चौकाच्या अलीकडे एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर दोन्ही हातांनी दाब दिला आणि विचारले, "हे कुणी सांगितलं घालायला?"

"दुकानदार म्हणाला, मजबूत आहेत."

"मजबूत तर दगडबी असतो. म्हणून त्याच्यावर बसून पुण्याला जाताय का, दादा?"

त्या दिवशी तीन तास मी त्यांच्याजवळ बसलो. पुढील माहितीतील पुष्कळशी त्यांच्याकडून मिळाली, काही मागाहून वाचून आणि माप घेऊन पडताळली.

शॉकअपचे खरे काम

शॉकअप म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीसाठी लावलेली गादी, असा आपला समज असतो. पाठ वाचते हे खरे, परंतु ते दुसरे काम. पहिले काम चाक रस्त्याला टेकलेले ठेवण्याचे. जे चाक जमिनीवर नाही त्याला ब्रेक नाही, वळण नाही आणि ओढही नाही. घाट उतरताना ब्रेक दाबला, की गाडीचे वजन पुढच्या चाकावर जाते आणि मागचे चाक मुळातच हलके होते. त्यात ते उसळले तर ड्रमला आवळावयास जोरच लागत नाही, चाक जागच्या जागी जाम होते. माझे नेमके तेच झाले होते. म्हणून शॉकअप हा ब्रेकचा सख्खा भाऊ आहे, असे समजूनच त्याची निवड केली पाहिजे.

शॉकअपमध्ये दोन गडी काम करतात. एक स्प्रिंग आणि दुसरे आतले तेल. स्प्रिंग वजन पेलते व खड्ड्याचा दणका पोटात घेते. पण घेतलेला दणका ती तसाच्या तसा परत करते. एकट्या स्प्रिंगवर गाडी चालविली तर ती चेंडूसारखी उड्या मारीत राहील. ती उसळी मोडण्याचे काम तेल करते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल दाबून जावे लागते, त्यात उसळीचा जोर खर्च होऊन त्याची उष्णता बनते. चाक वर जाताना तेलाचा अडथळा कमी आणि चाक खाली परतताना जास्त, अशी सामान्यतः रचना असते. माझ्या नव्या जोडीत स्प्रिंग पहिलवान होती आणि तेल आजारी. बैल दांडगा आणि वेसण कच्ची, असा तो प्रकार.

थोडे मागचे

मोटारसायकलींना पूर्वी मागे शॉकअप नसतच. चाक थेट चौकटीत बसविलेले असे आणि सीटखालच्या दोन स्प्रिंगा तेवढ्या बसणाऱ्याला वाचवीत. १९४८ साली इंग्लंडमध्ये रॉयल एनफील्डने नव्या बुलेटचे नमुने खडतर रस्त्यांच्या शर्यतीत उतरविले. त्यांत मागचे चाक हलत्या चिमट्यात बसविले होते आणि दोन्ही बाजूंना तेलाचे शॉकअप होते. त्याच वर्षी इटलीतील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बुलेटस्वारांनी सुवर्णपदके मिळविली. पुढे भारतीय सैन्यासाठी बुलेट आली आणि १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. मैसूरची जावा आणि पोलंडच्या एस. एच. एल. गाडीवरून बेतलेली फरीदाबादची राजदूत या आपल्याकडे १९६० नंतर आल्या. या सर्व गाड्यांचा चिमटा, शॉकअपची लांबी व स्प्रिंगचा जोर हे एकमेकांना जुळवून ठरविलेले आहेत. त्यांतील एक बदलला, की बाकीचे बिघडतात.

दोष शॉकअपचाच आहे काय?

नवी जोडी घेण्याआधी हे पहावे. पुष्कळदा रोग एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्याच ठिकाणी, असे होते.

गाडी डबल स्टँडवर घ्यावी. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. चिमटा मुळाशी खटखट करीत असेल तर चिमट्याचे बुश गेले आहेत. चिमटा स्थिर आणि चाकच हलत असेल तर बेअरिंग पहावे. स्पोकांवर पान्याने हलके वाजवावे, सैल तार भद्द आवाज देते. टायरची हवा मोजावी. एवढे सगळे ठीक असेल तरच शॉकअपकडे वळावे.

शॉकअप गेल्याच्या खुणा स्पष्ट असतात. दांड्यावर ओले तेल आणि त्यावर बसलेली धूळ. दांड्याच्या क्रोमला गंजाचे खड्डे. असा दांडा नवे ऑइल सीलही थोड्या दिवसांत खातो. वाकलेला दांडा. चुरा झालेले रबरी बुश. आणि मुख्य परीक्षा म्हणजे सीटवर जोरात दाब देऊन सोडावे. गाडी एकदा वर येऊन शांत व्हावी. दोन-तीनदा डोलत राहिली तर तेलाचे काम संपले. दाबल्यावर हललीच नाही, तर तो गुण नव्हे, तोही दोषच.

काही जुने शॉकअप उघडता येतात. त्यांना नवे सील आणि ठरलेल्या जाडीचे तेल घालून ते पुन्हा चालू होतात. दांडा चांगला असेल तर आधी हाच मार्ग पहावा. मूळ माल राहतो आणि मापाची काळजी मिटते. जे कारखान्यातून कायमचे बंद करून आलेले असतात ते मात्र उघडण्याच्या भरीस पडू नये.

पहिले माप : लांबी

वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे शॉकअपची लांबी. हे माप शॉकअप काढून, तो पूर्ण ताणलेला असताना घ्यावयाचे. गाडीला लावलेला असताना तो वजनाने दबलेला असतो, म्हणून ते माप धरू नये.

माझी नवी जोडी जुनीपेक्षा पुरती एक इंच लांब निघाली. मला वाटले होते, इंचाने काय होते? बुलेटच्या दोन चाकांतील अंतर सुमारे १३७० मि.मी. आहे. मागची बाजू २५ मि.मी. उचलली, की सगळी गाडी पुढे साधारण १ अंशाने कलते. पुढचा फोर्क तेवढा उभा होतो आणि हँडल उतारावर चंचल बनते. शिवाय चिमट्याचा कोन वाढल्याने चेन घासू लागते. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. डबल स्टँडवर घेतली तर मागचे चाक जमिनीला टेकून राहते. हे शेवटचे लक्षण माझ्या डोळ्यांसमोर रोज होते, पण मी समजलो की जमीनच उंच आहे!

आखूड शॉकअपचे वेगळेच दुखणे. चाक मडगार्डला लागते, वळणावर स्टँड किंवा सायलेन्सर रस्त्याला घासतो. म्हणून जुन्या गाडीला मूळ लांबीचेच शॉकअप घ्यावेत. अगदी नाइलाज झाला तरी पाच मि.मी.च्या पलीकडे जाऊ नये, असे मिस्त्रींनी बजावून सांगितले.

जुनी जोडी आधीच कुणी बदललेली असण्याचा संभव असतो. आपल्या जुन्या शॉकअपची लांबी बरोबर असेलच असे नाही. कंपनीच्या जुन्या पुस्तकातून किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या मूळ गाडीवरून माप पडताळून घ्यावे.

दुसरे माप : डोळे आणि जागा

शॉकअपच्या दोन टोकांना जी भोके असतात त्यांना कारागीर डोळे म्हणतात. त्यांची तीन मापे घ्यावीत. बोल्टचा व्यास, रबरी बुशची रुंदी आणि डोळा मधोमध आहे की बाजूला. बोल्टपेक्षा भोक मोठे असेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळून भागविण्याची आपल्याकडे खोड आहे. ही पट्टी महिन्याभरात झिजते आणि मग बोल्ट तुटण्याची वेळ येते. नीट कातून घेतलेले बुश लेथवाल्याकडे थोड्या पैशांत होते, तेच वापरावे.

जाड स्प्रिंगांच्या जोडीचा घेर मोठा असतो. एका बाजूला चेनकव्हर आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सर, यांना ती घासत नाही ना, हे माणूस बसवून पहावे. रिकाम्या गाडीत बोटभर वाटणारी फट वजन पडल्यावर नाहीशी होते.

तिसरे : स्प्रिंगचा जोर

येथे आपली सर्वांत मोठी फसगत होते. स्प्रिंगची तार थोडी जाड दिसली तर आपण म्हणतो, थोडी कडक असेल. हिशेब तसा नाही. तारेच्या जाडीचा चौथा घात स्प्रिंगच्या जोरात येतो. ७ मि.मी.च्या तारेऐवजी तेवढ्याच घेराची आणि वेढ्यांची ८ मि.मी.ची स्प्रिंग घेतली, तर ती जवळजवळ ७० टक्के अधिक कडक होते. एका मिलिमीटरचा हा प्रताप! वेढे कापून स्प्रिंग आखूड करणारेही आहेत. १२ कामाच्या वेढ्यांतले २ कापले, की राहिलेली स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते. गाडी खाली बसते ती वेगळीच.

मग आपल्याला किती जोराची पाहिजे? ते गाडीच सांगते. तीन माणसे आणि एक टेप, एवढेच साहित्य लागते.

गाडी डबल स्टँडवर घ्यावी, मागचे चाक मोकळे लोंबू द्यावे. चाकाच्या एक्सलपासून वर मडगार्डवर एक खूण करावी आणि अंतर मोजावे. मग गाडी खाली घेऊन नेहमी चालविणाऱ्याने बसावे, दुसऱ्याने गाडी उभी धरावी, तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे गाडीची बैठक. चाकाचा वरखाली होण्याचा जो एकूण पल्ला असेल, त्याच्या साधारण एक तृतीयांश बैठक असावी. पल्ला ७५ मि.मी. असेल तर २५ मि.मी. बैठक चांगली. १० मि.मी. आली तर स्प्रिंग फार कडक, चाक खड्ड्यात खाली पोहोचणारच नाही. ४० मि.मी. आली तर फार मऊ, मोठ्या खड्ड्यात बुड आपटेल.

माझ्या त्या "मजबूत" जोडीवर आम्ही हे माप घेतले. बैठक निघाली ६ मि.मी. मिस्त्री म्हणाले, "दादा, तुम्ही बुलेटवर नव्हता बसला. खाटेच्या पायावर बसला होता."

पुष्कळ शॉकअपांच्या बुडाशी खाचा असलेली कडी असते. "एक घर वर घे" असे आपण म्हणतो ती हीच. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हा घर वर घ्यावे, एकट्याने जाताना खाली. मात्र घर वर घेतल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची बैठक फक्त वर उचलली जाते. चुकीची स्प्रिंग त्याने बरोबर होत नाही. आणि दोन्ही बाजूंना नेहमी तेच घर असावे.

दुधाच्या किटल्या आणि इतर ओझे

डेअरीला दूध घालणाऱ्या सभासदांनी हा हिशेब लक्षात घ्यावा. ४० लिटरच्या भरलेल्या किटलीत ४१ किलोच्या आसपास दूध असते, किटलीचे वजन वेगळे. अशा दोन किटल्या म्हणजे मागे आणखी एक जाडजूड माणूस. शिवाय ओझे एक्सलच्या मागे लोंबत असेल तर ते मागच्या चाकावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पडते. ४० किलो ओझे एक्सलच्या २० सें.मी. मागे टांगले, तर मागच्या चाकावर सुमारे ४६ किलो पडतात आणि पुढचे चाक ६ किलोंनी हलके होते. हँडल हलके का लागते, याचे उत्तर यात आहे. ओझे शक्य तितके पुढे आणि खाली बांधावे. रोजचे ओझे असेल तर बैठक ओझ्यासह मोजून स्प्रिंग घ्यावी. पण वर्षातून दोनदा पोते आणावयाचे म्हणून बारा महिने कडक स्प्रिंगवर बसू नये.

चौथे : तेल, हवा आणि गॅस

मिस्त्रींच्या दुकानापासून कात्रजचा तलाव जवळच. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात या पाण्याची योजना झाली आणि बंदिस्त नळाने कात्रजचे पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले गेले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी व पाण्याचा ओघ तुटू नये, हा त्यांचा उद्देश. मिस्त्री म्हणाले, "पेशव्यांच्या नळाला जे दुखणं, तेच शॉकअपला. तेलात हवा शिरली, की काम संपलं."

साध्या शॉकअपमध्ये तेलाच्या वर थोडी हवा असते. खराब रस्त्यावर बराच वेळ दट्ट्या वरखाली झाला, की हवा आणि तेल घुसळून फेस होतो. फेस छिद्रांतून सहज निघून जातो, अडथळा उरत नाही आणि गाडी उड्या मारू लागते. गार झाल्यावर पुन्हा ठीक होते. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो, त्या दाबामुळे तेलाचा फेस सहसा होत नाही.

मग गॅसचेच घ्यावेत काय? माझे मत असे की, लांबी आणि स्प्रिंग बरोबर मिळत असेल तर अवश्य घ्यावेत. परंतु चुकीच्या लांबीच्या गॅस शॉकअपपेक्षा बरोबर मापाचा साधा तेलाचा शॉकअप केव्हाही चांगला. आपल्या जुन्या गाड्यांचा वेग आणि वापर पाहता चांगला साधा शॉकअप पुरतो. गॅसच्या शॉकअपला भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा तो जाळात टाकणे हे जिवावर बेतणारे काम आहे, ते कधीही करू नये.

खरेदी करताना

जुनी जोडी पोत्यात घालून बरोबर न्यावी, मापे कागदावर लिहून न्यावीत. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तेथे चार ठिकाणी पहावे. फक्त गाडीचे नाव सांगून माल घेऊ नये. एकाच नावाच्या गाडीत वर्षांप्रमाणे फरक पडत गेलेले आहेत. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. पुढे २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे बाजारात परत आली, परंतु त्या गाड्या सर्वस्वी नव्या आहेत. त्यांचे शॉकअप नावावर विसंबून जुन्या गाडीसाठी घेऊ नयेत.

शॉकअप नेहमी जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक जुना म्हणजे एका जुवाला खोंड आणि म्हातारा बैल. दुकानातच दोन्ही उभे धरून दाबून पहावेत. दोन्ही सारखे दबावेत, सारखे परतावेत, परतताना सावकाश यावेत. पक्के बिल घ्यावे. माप चुकल्यास परत घेणार का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. मी हे विचारले नव्हते, त्यामुळे ती चमकदार जोडी आजही आमच्या माळ्यावर आहे.

बसविताना

साधा शॉकअप आडवा पडून राहिला असेल तर हवा नको त्या ठिकाणी गेलेली असते. बसविण्यापूर्वी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबावा व सोडावा. गाडी डबल स्टँडवर घेऊन एका वेळी एकच बाजू बदलावी, म्हणजे चिमटा खाली पडत नाही. बोल्ट आधी हाताने बसवावेत. शेवटचा पाना गाडी चाकांवर उभी करून, वजन पडल्यावर मारावा. रबरी बुश लोंबत्या अवस्थेत आवळले तर ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत.

एक कायद्याची गोष्ट. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज नोंदणीचे नियम केले. अशी नोंदणी केलेली गाडी रस्त्यावर रोजच्या वापरासाठी नेता येत नाही. ज्यांना जुन्या बुलेटवर शेतावर आणि बाजाराला जावयाचे आहे, त्यांनी हौसेपोटी ही नोंदणी करण्यापूर्वी विचार करावा. नेहमीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर वेळच्या वेळी नूतनीकरण करून घ्यावी.

पुन्हा कात्रज

मूळ लांबीची, साध्या तेलाची जोडी शोधावयास मला महिना लागला. दिसावयास काळी आणि साधी. बैठक मोजली, २४ मि.मी. आली. आबांना मागे बसवून घर एकाने वर घेतले आणि पुन्हा त्याच रस्त्याने निघालो.

खरे सांगावयाचे तर बोगदा ओलांडताना माझ्या हाताला घाम होता. ते उखडलेले वळण आले. ब्रेक दाबला. गाडी खाली बसली, वर आली, आणि रस्ता धरून तशीच पुढे गेली. सांगण्यासारखे दुसरे काहीच घडले नाही.

कात्रजला तलावापाशी थांबलो. आबा उतरले आणि वाकून त्यांनी आधी डाव्या, मग उजव्या शॉकअपच्या बुडाला हात लावला.

"कोमट लागतंय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "तेल काम करतंय, त्याची ऊब आहे."

"दोन्हीकडं सारखंच हाय," असे म्हणून त्यांनी हात धोतराला पुसला. दोन्ही बाजू सारख्या कोमट लागणे ही दोन्ही शॉकअप सारखे काम करीत असल्याची खूण आहे, हे मी मिस्त्रींकडून शिकलो होतो. आबांना ते १९७८ पासून ठाऊक असावे. मीच कधी विचारले नव्हते.

सांगावयाचे तात्पर्य, सभासद बंधूंनो, शॉकअप घेताना आधी लांबी, मग डोळे, मग स्प्रिंग, मग तेल आणि सर्वांत शेवटी चमक, हा क्रम सोडू नका. घरात टेप आहेच. गाडीमागे बसणारे माणूस आपलेच असते.

— एक ऊस उत्पादक सभासद